अठरा ते छत्तीस

गजभिये सरांनी एक दिवस भर स्टाफरूममध्ये मला विचारलं, "बाई, तुमचं वजन किती आहे?"

चित्रकलेच्या सरांना चहाचा ठसका लागला. पी.टी.च्या मॅडमनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, ते उलटं धरलंय हेही त्यांच्या लक्षात आलं नाही. मी शाळेत मराठी शिकवते. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला असा प्रश्न डॉक्टरशिवाय कोणी विचारत नाही, आणि दुसऱ्या कोणी विचारला असता तर मी त्याची जन्माची खोड मोडली असती. सरांना मात्र मी खरं वजन सांगितलं. त्यांनी मान हलवली, "बरं" म्हणाले आणि कोपऱ्यातल्या आपल्या खुर्चीत जाऊन बसले. ते का विचारतायत हे मला ठाऊक होतं, म्हणून सांगितलं. बाकीच्यांना मी आजतागायत काही सांगितलेलं नाही, त्यामुळे ते अजून मला चिडवतात.

सर विज्ञान शिकवायचे. उंच, सावळे, अंगात कायम पांढरा शर्ट आणि त्याच्या डाव्या बाहीवर खडूचा पट्टा, कारण फळा ते बाहीनंच पुसायचे. डस्टर शोधण्यात तास संपतो म्हणायचे. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, त्या बाहीवरून त्यांना रोज बोलत आणि रोज ती धूत. आमची शाळा नागपुरातली जुनी मराठी शाळा. एकेकाळी एकेका वर्गात बाकावर चौघं-चौघं बसायची, आता एकेकट्यानं पाय पसरून बसतात. एका सभेत हेडमास्तर म्हणाले, शाळा वेगानं प्रगती करत आहे. सर उठून उभे राहिले. "सर, मागच्या वर्षी पोट्टे किती होते अन् यंदा किती आहेत? वेगाचं सोडा, त्वरण काढा. उत्तर वजा येते." हेडमास्तर महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. सरांना ते महिन्यानंतर कळलं.

त्वरण हा सरांचा जीव की प्राण. नववीला 'गतीचे नियम' हा धडा आहे, त्यात ते येतं. आमच्या वर्गांमध्ये नुसती एक पातळ भिंत, त्यामुळे मी कविता शिकवत असताना पलीकडून सरांचा आवाज येत राही आणि त्वरण मलाही पाठ झालं. "आधी वेग किती होता, मग किती झाला, अन् त्याले टाइम किती लागला. तीनच गोष्टी विचारा. वजाबाकी करा, टाइमनं भागा, घरी जा." पोरं घाईनं सुरुवातीचा वेग शून्य धरून मोकळी होत. मग सर पेटत. "काहून बे? गाडी उभी होती, हे तुले कोणी सांगितलं? ते आधीपासूनच पळून राहिली होती. तू आत्ता पाहून राहिला, म्हणून ते आत्ता सुरू झाली का?" कोणी उत्तराला एकक लावलं नाही तर विचारत, "पाच काय? पाच संत्री?" माझ्या वर्गातली पोरं भिंतीकडे बघून हसत, आणि कवितेचा जो काही रंग भरलेला असे तो उडून जाई.

खोट्या रीडिंगवर मात्र त्यांचा खरा राग होता. प्रयोगशाळेत उतरत्या फळीवरून छोटी गाडी सोडून वेळ मोजायचा प्रयोग असे. पवन भोयर नावाचा एक विद्यार्थी होता, मूळचा सावनेरकडचा, शिकायला इकडे मामाकडे राहिलेला. त्यानं एकदा गाडी न सोडताच सगळे आकडे भरले. सरांनी ते वाचले आणि वही परत केली. "लय सुंदर आलं गा. इतकं सुंदर निसर्गाले जमत नाही. जा, खरं घेऊन ये. चुकलं तरी चालते, खरं पाहिजे." पवन पुढे दहावीला कसाबसा निघाला आणि त्यानं दुचाकीचं गॅरेज टाकलं. सरांची गाडी तोच बघायचा आणि सर आले की अजूनही हातातला पाना खाली ठेवून उभा राहायचा.

ती गाडी म्हणजे राखाडी रंगाची बिनगिअरची स्कूटर. दर वर्षी शाळा सुरू झाली की एखादा कोरडा रविवार बघून सर वहिनींना मागे बसवायचे आणि शहराबाहेरच्या एका लेआउटवर जायचे. तिथले प्लॉट केव्हाच विकले गेले होते, विजेचे खांबही आले होते, घरं तेवढी आली नव्हती. मधून सरळ डांबरी रस्ता होता. स्कूटरच्या वेगाच्या काट्यावरच्या काचेवर वहिनींनी आपल्या नेलपॉलिशचे दोन लाल ठिपके दिले होते, एक अठरावर आणि एक छत्तीसवर. तासाला अठरा किलोमीटर म्हणजे सेकंदाला पाच मीटर, छत्तीस म्हणजे दहा. पोरांना हिशेब सोपा जावा म्हणून सरांनी हे आकडे धरले होते. ते एक्सिलेटर पूर्ण पिळायचे, काटा पहिल्या ठिपक्यावर आला की ओरडायचे "आता!", दुसऱ्यावर आला की "बस!" वहिनींच्या गळ्यात प्रयोगशाळेतलं जुनं स्टॉपवॉच असे. त्या बटण दाबत. असं पाच-सहा वेळा करायचं आणि सरासरी काढायची.

"हे एकट्याचं काम नाही, बाई," सर मला सांगत. "काट्यावर नजर ठेवनारा वेगळा लागते, घड्याळ दाबनारा वेगळा लागते."

वेळ दर वर्षी पाच सेकंदांच्या आसपास येई. पाचनं वाढलेला वेग, पाच सेकंद, म्हणजे त्वरण एक. मग तेच गणित फळ्यावर जाई. "एक मास्तर आहे. त्याची गाडी आहे. मागं त्याची बायको बसून आहे." इथे वर्ग हसायचा. पुस्तकातल्या गाड्या कोणाच्याच नसतात, ही आपल्या सरांची होती, म्हणून ते गणित ढ पोरांनाही यायचं.

वहिनी शिवणकाम करत. आमच्या अर्ध्या स्टाफरूमचे ब्लाउज त्यांच्या हातचे. अंगानं भरलेल्या, आवाजानं त्याहून भरलेल्या, आणि भाजीत भिवापुरी तिखट असं टाकणार की पाहुण्यानं पाणी मागितलंच पाहिजे. माझं माप घ्यायला त्या टेप काढत नसत. "तुमचं नि माझं माप एकच आहे ना वं बाई, मी मलेच मोजून घेते." एकदा मी त्यांना विचारलं, त्या उन्हात घड्याळ दाबत फिरायचा कंटाळा येत नाही का? त्या दोरा दातानं तोडत म्हणाल्या, "येते ना. पन हा मानूस बाकीचं वर्षभर शाळेत राह्यते, नाहीतं घरी पेपर तपासून राह्यते. त्या दिवशी तेवढी मी याच्या मागं बसून राह्यते. मले तं तेवढंच फिरनं होते, बाप्पा."

एका वर्षी सर सोमवारी मोठा डबा घेऊन आले. तर्री-पोहे. शाळेत वाढदिवसालाही कधी पेढा न आणणारा माणूस सगळ्यांना वाटीनं तर्री वाढत होता. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "पावनेपाच! बाई, पाचचे पावनेपाच झाले. पवननं काय सर्व्हिसिंग केलं, पाहा. इतकी जुनी गाडी, पन जवानी आली तिले." त्वरण एकच्या वर गेलं होतं. त्यांनी शाळेतूनच पवनला फोन लावून शाबासकी दिली. आम्ही पोहे खाल्ले. छान झाले होते, जरा जळजळीत.

त्याच आठवड्यात मी ब्लाउजचं कापड टाकायला त्यांच्या घरी गेले होते. वहिनी मशीनवर बसून आपलेच ब्लाउज आत घेत होत्या, बाजूला पाच-सहांची चळत. मी म्हटलं, "वहिनी, किती बारीक झालात! काय करता ते आम्हालाही सांगा की." त्या हसल्या. "काही नाही वं. भूकच नाही लागून राहिली."

दिवाळीच्या सुमारास त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. पोटात गाठ होती. डॉक्टर बोलता बोलता म्हणाले की दोन-तीन महिने आधी आला असता तर बरं झालं असतं. डॉक्टर लोक हे वाक्य सहज बोलून पुढच्या खाटेकडे जातात, ऐकणाऱ्याला ते घरी न्यावं लागतं. थंडी संपायच्या आत वहिनी गेल्या.

त्यानंतर सर शाळेत येत, शिकवत आणि जात. बाही पांढरीशुभ्र राहायला लागली, कारण ते डस्टर वापरू लागले होते. स्कूटर वहिनींच्या एका जुन्या साडीखाली झाकून ठेवली आणि सर शेअर ऑटोनं यायला लागले. मी एक-दोनदा त्यांच्या घरी गेले. टीव्ही सुरू होता, आवाज बंद. मुलगी हैदराबादला असते, तिचा फोन आला. तिनं बहुधा जेवलात का विचारलं असावं, कारण सर "हाव" म्हणाले. मग काही तरी विचारलं, सर पुन्हा "हाव" म्हणाले आणि फोन संपला. शिलाई मशीन खिडकीशी तसंच होतं. चाक जाम होऊ नये म्हणून ते अधूनमधून फिरवतो, असं त्यांनी सांगितलं. माझा ब्लाउज अर्धा शिवलेला सुईखालीच होता. मी तो मागितला नाही, आणि त्यांनीही दिला नाही. इतकं गप्प घर मी दुसरं पाहिलेलं नाही. निघताना सर फाटकापर्यंत आले आणि मी रिक्षात बसेपर्यंत उभे राहिले, जणू आत परत जायची त्यांना घाई नव्हती.

जून आला. पलीकडून त्वरणाचा धडा ऐकू यायला लागला. एका पोरानं विचारलं, "सर, मास्तरची गाडी?" या पोरांना मोठ्या भावंडांकडून ती गाडी माहीत होती. सर म्हणाले, "बंद आहे. पुस्तकातली घ्या."

पंधरवड्यानं त्याच धड्यातला पुढचा नियम आला. मी शुद्धलेखन घालत होते. पलीकडून सरांचा आवाज: "जोर तेवढाच ठेवला, अन् वस्तुमान कमी केलं, तं त्वरण..." पुढचं काही आलंच नाही. मी थोडा वेळ वाट पाहिली. सरांचं वाक्य अर्ध्यात राहणं मला नवीन होतं. मी उठून त्यांच्या वर्गाच्या दाराशी गेले. सर फळ्याकडे तोंड करून उभे होते, खडू फळ्यावर टेकलेला, आणि नववीची पोरं, जी एरवी मिनिटभर गप्प बसत नाहीत, ती अगदी चूप होती.

मी त्यांना स्टाफरूममध्ये घेऊन आले. तिथे त्या वेळी कोणी नव्हतं. सर खुर्चीवर बसले. खडू हातातच होता.

"बाई, इंजिन तेच होतं. एक्सिलेटर तेवढाच पिळला होता. मंग त्वरण वाढलं काहून?"

मला एकदम कळलं नाही. मग कळलं.

"सर, सर्व्हिसिंग केलं होतं ना पवननं."

"तेच समजून राहिलो होतो मी. ते कमी होऊन राहिली होती, बाई. माझ्या मागं बसून कमी होऊन राहिली होती. अन् मी पोहे वाटले."

मी त्यांना म्हटलं की सर, आम्ही तर वहिनींना समोरून बघत होतो, मी स्वतः त्यांना बारीक झालात म्हणून शाबासकी दिली, आम्हाला कुठे कळलं? सर म्हणाले, "तुमच्याजवळ नुसते डोळे होते. माझ्या हाती आकडा होता." माझ्या विषयात अशा वेळेसाठी पुष्कळ शब्द आहेत, त्यातला एकही कामाचा निघाला नाही.

पुढे ते जे म्हणाले त्यावरच सगळं येऊन थांबलं. "मले फक्त एवढं पाह्यचं आहे. ते सर्व्हिसिंगनं झालं होतं, का तिच्यानं. गाडी तेव्हापासून उभीच आहे, जशी होती तशी आहे. तिच्या आधीच्या वजनाएवढं वजन मागं ठेवलं अन् पावनेपाचच आले, तं ते पवनचं काम. मंग माझा दोष नाही. पन पाच आले..." त्यांनी हातातला खडू टेबलावर ठेवला. "पाच आले, तं मले तेव्हाच कळाले पाह्यजे होतं."

म्हणून ते वजन विचारणं. वहिनींचं माप माझ्याएवढं होतं.

रविवारी मी थर्मासात चहा घेऊन लेआउटवर गेले. पवन आला होता. त्यानं गाडी तपासली होती, बॅटरी आणि हवा सोडून कशालाही हात लावला नव्हता. पवन काडीपैलवान, त्यामुळे राहिलेल्या वजनाचं पोतं पुढे पाय ठेवायच्या जागी बसवलं होतं. पवन आणि थोडे तांदूळ मिळून वहिनी, असा तो हिशेब होता. सरांनी स्टॉपवॉच पवनच्या गळ्यात घातलं. साडी काढलेल्या गाडीवर ते दोन लाल ठिपके तसेच होते, जरासुद्धा उडाले नव्हते. सरांनी एकदा अंगठ्यानं काच पुसली, ठिपक्यांच्या बाजूबाजूनं.

मी खांबाशी उभी राहिले. गाडी गेली. "आता!" ऐकू आलं, "बस!" ऐकू आलं. परत आली तेव्हा पवन लांबूनच ओरडला, "पावनेपाच, सर! पाहा ना, म्या सांगितलं नव्हतं? प्लग साफ केला होता, हवेची जाळी बदलली होती. पिकअप वाढनारच ना जी!"

सरांनी घड्याळ बघितलं. "परत."

दुसऱ्यांदाही पावणेपाच. अगदी तेवढेच. पवन माझ्याकडे बघेना.

"लय सुंदर आलं गा," सर म्हणाले.

पवनची मान खाली गेली. चाळिशीला आलेला, दोन पोरांचा बाप, गॅरेजचा मालक, त्या रिकाम्या रस्त्यावर नववीतल्या पोरासारखा उभा होता. हळूच म्हणाला, "सर, राहू द्या ना आता. होऊन गेलं ते. कायले करून राहिले?" सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. रागावले नाहीत, मला वाटलं होतं रागावतील. त्याच्या गळ्यातलं घड्याळ काढून त्यांनी आपल्या गळ्यात घातलं.

"तू चालव. मी मागं बसतो. वजन तेवढंच राह्यते."

त्या गाडीवर सर मागे बसलेले मी कधी पाहिले नव्हते. तेही तिथे कधी बसले नसणार. जरा वेळ त्यांना पाय कुठे ठेवायचे तेच कळेना. पवननं पायटे उघडून दिले. गाडी निघाली, सरळ रस्त्यावर लांब गेली. पवनचा "आता!" आला. थोड्या वेळानं "बस!" आला. परत येताना गाडी हळू होती. पवन उतरला आणि त्यानं घाबरत विचारलं, "किती, सर?"

सरांनी घड्याळ हातात घेऊन पाहिलं. मीही पाहिलं. शून्यावर होतं.

"दाबाचंच राह्यलं," सर म्हणाले.

ज्या माणसानं उभ्या आयुष्यात एक रीडिंग चुकवलं नाही, तो हे म्हणत होता. सर गाडीवरून उतरले नाहीत. पुढच्या रिकाम्या सीटकडे बघत ते माझ्याशी बोलले.

"मागं बसलं की काटा दिसतच नाही, बाई. नुसती पाठ दिसते." मग म्हणाले, "इतके वर्षं ते माझी पाठ पाहून राहिली होती. अन् मी काटा."

माझ्या डोळ्यांना पाणी आलं, ते मी लपवलं नाही. पवननं विचारलं, पुन्हा घ्यायचं का? सर म्हणाले, "नको." चहा पवननं आणि मी उभ्यानं घेतला, सरांनी मागच्या सीटवर बसूनच. तांदळाचं पोतं पवननं उचलून माझ्या रिक्षात ठेवलं, सरांनी तसं सांगितलं म्हणून. मी नको म्हटलं नाही.

सर त्या वर्षाअखेर निवृत्त झाले आणि मुलीकडे हैदराबादला गेले. निरोपाची भाषणं झाली, माझंही झालं, हेडमास्तरांनी पुन्हा शाळेच्या वेगाबद्दल सांगितलं आणि सर या वेळी काही बोलले नाहीत. पण मला सर आठवतात ते त्या समारंभातले नाहीत. मला आठवतो तो लेआउटवरचा रस्ता. पवन पुढे बसला. मला वाटलं आता सर उतरून गाडी हातात घेतील, गाडी त्यांची होती. ते मागेच राहिले. एक हात पवनच्या खांद्यावर ठेवला, दुसऱ्या हाताच्या मुठीत ते घड्याळ धरलं, आणि दोघं निघाले. घरं नसलेल्या त्या प्लॉटांमधून ते वळणापर्यंत दिसत राहिले. पवन गाडी अगदी हळू चालवत होता. काटा बहुतेक पहिल्या ठिपक्यापर्यंतही गेला नसावा.